तिरानाचं बंकआर्ट १: अल्बेनियाला जाताय तर अर्धा दिवस याच्यासाठी ठेवाच

अल्बेनियाला हल्ली आपले बरेच लोक जायला लागलेत, समुद्र मस्त, खर्च युरोपच्या मानाने कमी, आणि आधी वापरलेला मल्टिपल एंट्री शेंगेन व्हिसा असेल तर वेगळा व्हिसा काढावा लागत नाही (तरी निघण्याआधी नियम बघून घ्याच). पण बहुतेक सगळे सारांदा, क्सामिलचे बीच करून परत येतात आणि राजधानी तिरानात फक्त विमान पकडायला थांबतात. म्हणून हा रिव्ह्यू.

बंकआर्ट १ म्हणजे म्युझियम केलेला एक मोठा बंकर, शहराच्या कडेला, दाज्ती डोंगराच्या पायथ्याशी आहे. जमिनीखाली पाच मजले, 106 खोल्या, 1970च्या दशकात गुपचूप बांधलेलं, अणुहल्ला झाला तर हुकूमशहा एन्व्हर होजा, त्याचं मंत्रिमंडळ आणि लष्कराचे बडे अधिकारी इथून देश चालवणार असा बेत होता. 1978 ला बांधून तयार झालं, 1985 ला होजा वारला, हल्ला काही झाला नाही, आणि 2014 मध्ये म्युझियम म्हणून लोकांसाठी उघडलं.

रस्त्यावरून आत शिरायलाच एक लांब बोगदा आहे, तो पार करून तिकीट खिडकी येते. बाहेर कडक ऊन असलं तरी आत गारठा आणि ओल, जॅकेट न्याच. सुरुवातीला जाडजूड लोखंडी दारं, एकामागे एक, मग अंगावरचं किरणोत्सर्गी विष धुवायची जागा, आणि तिथून पुढे होजासाठी राखलेली खोली. बाकी सगळीकडे नुसतं काँक्रीट आणि या खोलीत भिंतींना लाकडी पॅनेल, पलंग, टेबल, टेलिफोन. मी तिथे बराच वेळ उभा होतो. जमिनीखाली, एवढ्या भिंतींच्या आत, तरी माणसाला लाकडाची भिंत हवी वाटते. पंतप्रधान मेहमेत शेहूसाठीही खोली होती. हा शेहू अनेक वर्षं होजाचा उजवा हात, 1981 मध्ये तो मेला, सरकारने आत्महत्या म्हणून जाहीर केलं आणि वर त्यालाच देशद्रोही ठरवलं. हे माहीत असेल तर त्या खोलीत पाय टाकताना वेगळंच वाटतं.

बाकी खोल्यांमध्ये 7 एप्रिल 1939 च्या इटालियन आक्रमणापासून इतिहास सुरू होतो, मग जर्मन, मग त्यांच्याशी लढणारे पार्टिझान गनीम, मग कम्युनिस्ट काळ. बंदुका, गॅस मास्क, त्या काळच्या घरातली बैठकीची खोली, हे सगळं नीट मांडलंय. वाचायला भरपूर आहे, इंग्रजीतही आहे, घाईत जाऊ नका, दोन-तीन तास आरामात जातात. खाली एक मोठा सभागृह पण आहे, संसदेची बैठक भरवता यावी म्हणून बांधलेला, खुर्च्यांच्या रांगांसकट, तो चुकवू नका.

आई सोबत होती, ती भिंतीवर हात ठेवून म्हणाली, "अरे, लोकांना राहायला घरं होती का तेव्हा?" प्रश्न अगदी बरोबर होता. त्या काळात खासगी गाडी ठेवायलाही बंदी असलेला देश, आणि सगळीकडे बंकर ओतत होता. दीड लाखाहून जास्त बंकर बांधले गेले असं सांगतात. होजाने आधी युगोस्लाव्हियाशी, मग 1961 ला सोव्हिएतशी संबंध तोडले, 1968 ला सोव्हिएत गटाच्या वॉर्सा लष्करी करारातून बाहेर, 1978 ला चीनशीही बिनसलं, मग चारी बाजूंनी शत्रू असल्यावर करणार काय, माणशी बंदूक आणि शेतागणिक बंकर.

माझं म्हणणं असं की हा मोठा बंकर बघून मग बाहेरचे छोटे बघा, तरच दोन्ही नीट कळतात. हायवेच्या कडेला, द्राक्षांच्या मळ्यात, किनाऱ्यावर, खिंडीत सगळीकडे तीन मीटर व्यासाचे काँक्रीटचे घुमट दिसतात, वरचा घुमट, खाली गोल भिंत, तिच्याबाहेर अजून एक भिंत आणि मधल्या फटीत माती भरलेली, एक-दोन सैनिकांपुरती जागा. गडकिल्ले फिरणाऱ्यांनी तर आत वाकून गोळीबाराच्या फटीतून बाहेर बघाच, कोणता रस्ता, कोणती खिंड माऱ्यात येते ते लगेच समजतं, तटाच्या जंग्यांसारखंच. ज्या युद्धासाठी बांधले ते युद्ध आलंच नाही, पण 1999 च्या कोसोवो युद्धात सीमेवरच्या गावांवर तोफगोळे पडले तेव्हा लोक यांच्यात लपले. हे बंकर मोकाट पडलेत, आत काचा, घाण, कधी गुरं, टॉर्च आणि जाड तळव्याचे बूट पाहिजेत, आणि शेतात असेल तर मालकाला विचारून जा. किनाऱ्याने फिरणार असाल तर हिमाराजवळ पोर्तो पालेर्मोला डोंगरात खोदलेला पाणबुड्यांचा बोगदा रस्त्यावरूनच दिसतो.

बंकआर्ट २ शहराच्या मध्यात, स्कंदरबेग चौकाजवळ आहे, लहान आहे, गृहखात्याचा बंकर, त्यात गुप्त पोलिसांचा, सिगुरिमीचा इतिहास. प्रवेशाच्या घुमटात आत बळी गेलेल्यांचे फोटो लावलेत. तेही चांगलंय पण जड आहे, छळाबद्दल बरंच आहे, लहान मुलं असतील तर विचार करून न्या. वेळ एकाच ठिकाणापुरता असेल तर लोक जवळ पडतं म्हणून २ ला जातात, माझ्या मते १ ला जावं.

जायला शहराच्या मध्यातून पोर्सेलान लाइनची सिटी बस आहे, स्वस्त. टॅक्सीवाल्याशी भाडं आधी ठरवा, आम्हाला एकाने दुप्पट सांगितलं होतं. दाज्तीचा रोपवे तिथून चालत जाण्याइतका जवळ आहे, त्याचा सुट्टीचा वार कोणता ते आधी बघून घ्या, म्हणजे सकाळी बंकर आणि दुपारी वर डोंगरावर जेवण असं जमतं. बंकआर्ट १ ला माझ्याकडून पाचपैकी पाच.