मेडिक्लेम, ओपीडी कव्हर की बाजूला ठेवलेले पैसे? मानसिक उपचार आणि व्यसनमुक्तीचा हिशेब

घरात एकाला नैराश्याच्या गोळ्या सुरू आहेत आणि दुसऱ्याची दारू सोडवायची आहे, अशी घरं कमी नाहीत. अशा घराने विमा घेताना ही दोन दुखणी कागदावर वेगळी मांडावीत, कारण पॉलिसीत ती वेगळीच धरलेली असतात.

मानसिक आजाराच्या पाठीशी कायदा आहे. 2017च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम 21(4) सांगतं की शारीरिक आजाराला जसा विमा, तसाच मानसिक आजारालाही. त्यामुळे बायपोलर किंवा स्किझोफ्रेनिया बळावून भरती करावं लागलं, तर साधा मेडिक्लेम कामाला येतो. पण या आजारांत भरती क्वचित आणि फेऱ्या फार. डॉक्टरांची फी, महिन्याच्या गोळ्या, समुपदेशन, लिथियम हे औषध सुरू असेल तर रक्ततपासणी, हे सगळं भरतीशिवाय होतं आणि खिशातून जातं.

तिथे ओपीडी कव्हर, म्हणजे भरती न होता झालेल्या उपचारांचा विमा, उपयोगी पडतं, पण आकडेमोड करूनच घ्या. समजा, त्यासाठी हप्ता 6,000 रुपयांनी वाढतो आणि वर्षाची मर्यादा 10,000 आहे. म्हणजे फायदा फार तर 4,000चा. त्यातही फक्त मानसोपचारतज्ज्ञाची फी धरली असेल, गोळ्या आणि समुपदेशकाची फी नसेल, तर माझ्या मते तेच 6,000 दरवर्षी बाजूला टाकलेले बरे.

व्यसनाचं मात्र अवघड आहे. पॉलिसीच्या वगळलेल्या गोष्टींच्या यादीत 12 क्रमांकाचं कलम बघा: दारू, अमली पदार्थ, कुठलंही व्यसन "आणि त्याचे परिणाम". खरी मेख या शेवटच्या शब्दांत आहे. केस पेपरवर "रोज दारू, 15 वर्षं" अशी एक ओळ असली, की लिव्हरचा क्लेमही अडकू शकतो. वर उल्लेखलेल्या कायद्यात मानसिक आजाराच्या व्याख्येतच दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्था येतात. तरीही पॉलिसीने हात वर करावेत, हा मला सरळ अन्याय वाटतो. पण आज निर्णय घ्यायचा तर व्यसनमुक्तीसाठी मेडिक्लेमवर विसंबू नका. सरकारी रुग्णालयाचा मनोविकार विभाग, पुण्याच्या मुक्तांगणसारखं व्यसनमुक्ती केंद्र, अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या गटाच्या फी नसलेल्या सभा, 14446 ही राष्ट्रीय हेल्पलाइन, हे आधी चाचपा.

नोकरी असेल तर कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत घरच्यांची नावं पहिल्यांदा घाला. तिथे आधीपासूनच्या आजाराच्या क्लेमसाठी बहुधा थांबावं लागत नाही. स्वतःच्या पॉलिसीत ही थांबण्याची मुदत 3 वर्षांपर्यंत असू शकते. गोळ्या सुरू असल्याचं प्रपोजल फॉर्मवर, म्हणजे विम्याच्या अर्जावर, लपवू नका, एजंट "कशाला लिहिता" म्हणाला तरी. आणि माहितीपत्रकावर भागवू नका. संपूर्ण पॉलिसी मागवा, समुपदेशन आणि गोळ्यांबद्दलचं उत्तर ईमेलवर लेखी घ्या, मगच पहिला हप्ता भरा.