किल्मेनहॅम तुरुंग आणि कोर्ट, डब्लिन: आधी छत बघा

सगळी नोकरी बांधकाम खात्यात झाली, त्यामुळे कुठेही गेलो की माझी मान आधी वर जाते. लेकीकडे डब्लिनला गेलो असताना हा जुना काउंटी तुरुंग बघितला. तिकीट आधी ऑनलाइन काढा. "बाबा, तिथे जाऊन मिळत नाही," असं ती म्हणाली होती. मी ऐकलं नाही आणि एक फेरी फुकट गेली. गाइडशिवाय आत सोडत नाहीत, ते बरंच आहे.

तुरुंग १७९६चा, लगतचं कोर्ट १८२०चं. शिक्षा इथे ऐकायची, भोगायची शेजारी! तुरुंगाच्या दारावर साखळदंडात जखडलेले पाच दगडी साप आहेत.

जुन्या पश्चिम भागात बोळ अरुंद, काळोखी. भिंतीला तळवा टेकवला तर गारठा कोपरापर्यंत चढला. तिथून १८६२च्या पूर्व भागात आलो आणि तोंडून "वा!" निघून गेलं. घोड्याच्या नालेसारखा आकार, तीन मजले, ९६ कोठड्या, वर काचेचं छत, मधे लोखंडी जिना. मग लक्षात आलं, मधोमध उभ्या पहारेकऱ्याला जवळपास सगळीच दारं दिसतात. दाराला टेहळणीचं भोक. आतल्याला खिडकीतून फक्त आभाळ. कारागिरीला दहापैकी दहा, हेतूबद्दल न बोललेलं बरं. खरं सांगू, मला काळोखातली कोठडी परवडली असती.

प्रार्थनाघरात ३ मे १९१६च्या रात्री जोसेफ प्लंकेट आणि ग्रेस गिफर्ड यांचं लग्न लागलं. प्लंकेट हा त्या वर्षीच्या, ब्रिटिश राजवटीविरुद्धच्या आयरिश उठावाचा एक नेता. काही तासांतच त्याला गोळ्या घातल्या. पुढे १९२३मध्ये ग्रेस स्वतः इथे कैदी होती. कोठडीच्या भिंतीवर तिने मेरी आणि बाळ येशू रंगवले.

१९२४ला तुरुंग बंद पडला, पडझड झाली. १९६०पासून स्वयंसेवकांनी बिनपगारी राबून तो उभा केला. आमच्याकडे फाइल आली असती तर शेरा ठरलेला: "धोकादायक, पाडावी."

शेवटी दगडफोडीचं अंगण. त्या उठावासाठी इथेच गोळ्या घातलेल्यांपैकी तेरा जणांचा क्रूस एका टोकाला, दुसऱ्या टोकाला, फाटकाजवळ, उठावाचाच नेता जेम्स कॉनोली याचा एकट्याचा. पाय जायबंदी, उभं राहता येईना, म्हणून खुर्चीला बांधून गोळ्या घातल्या. दोन क्रुसांमधलं अंतर सवयीने पावलांनी मोजायला लागलो होतो. चौथ्या पावलाला थांबलो.

स्वेटर न्या. आत ऊन पोचत नाही.