खात्यात पैसा उरलेली कंपनी बंद करताना: स्ट्राइक ऑफ की ऐच्छिक लिक्विडेशन?

धंदा थांबलेला, देणी फिटलेली आणि चालू खात्यात काही रक्कम शिल्लक. अशी प्रायव्हेट लिमिटेड कंपनी बंद करायची म्हटलं की पहिला सल्ला बहुधा ‘एसटीके-२ भरून टाका’ असाच मिळतो. एसटीके-२ म्हणजे स्ट्राइक ऑफचा, कंपनीचं नाव सरकारी नोंदवहीतून काढून टाकण्याचा, अर्ज. कंपनी कायद्याच्या कलम २४८ मधला हा रस्ता स्वस्त आहे, सगळ्यांच्या सवयीचा आहे आणि बऱ्याच कंपन्यांना तो पुरतोही. दुसरा रस्ता नादारी व दिवाळखोरी संहितेच्या कलम ५९ मधला, म्हणजे ऐच्छिक लिक्विडेशनचा: लिक्विडेटर नेमायचा, त्याने देणी फेडून उरलेलं भागधारकांना वाटायचं आणि कंपनी संपवायची. कायद्याचं नाव काहीही असो, हे कलम देणं न थकवलेल्या कंपनीसाठीच आहे.

खर्चाच्या बाबतीत स्ट्राइक ऑफ सरळ पुढे आहे. सरकारी फी १०,००० रुपये; त्यावर प्रत्येक संचालकाचं क्षतिपूर्ती बंधपत्र (पुढे देणं निघालं तर भरून देण्याची हमी) आणि शपथपत्र, सीएने प्रमाणित केलेलं हिशेबपत्रक आणि सल्लागाराची फी. लिक्विडेशनमध्ये लिक्विडेटरचं मानधन, मालमत्ता असेल तर नोंदणीकृत मूल्यांककाचा अहवाल, एका इंग्रजी आणि एका प्रादेशिक वर्तमानपत्रात जाहीर सूचना, आणि शेवटी एनसीएलटीत, म्हणजे राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणात, अर्ज. छोट्या कंपनीलाही हा खर्च लाखांत जाऊ शकतो. तेव्हा भांडवल तोट्यातच संपलं असेल आणि भागधारक म्हणजे घरचीच दोन माणसं असतील, तर स्ट्राइक ऑफ करून मोकळं व्हावं.

खरी अडचण पैसा उरलेला असतो तेव्हा येते, आणि आमच्या कंपनीसाठी लिक्विडेशनचा निर्णय तिनेच केला. एसटीके-२ सोबत जोडायचं हिशेबपत्रक, म्हणजे एसटीके-८, शून्य मालमत्ता आणि शून्य देणी दाखवणारं लागतं. म्हणजे अर्जाआधीच खातं रिकामं करायचं. पण कसं? साठलेला नफा लाभांश म्हणून वाटता येतो. भागभांडवल मात्र लाभांश म्हणून देता येत नाही. सिक्युरिटीज प्रीमियम, म्हणजे शेअरच्या दर्शनी किमतीवर घेतलेली जादा रक्कम, तीही नाही. ज्यांनी प्रीमियमवर शेअर देऊन पैसा उभा केला त्यांची मोठी रक्कम नेमकी तिथेच अडकते. बायबॅक करावं, म्हणजे कंपनीने आपलेच शेअर परत विकत घ्यावेत, तर एका आर्थिक वर्षात भरणा झालेल्या इक्विटी भांडवलाच्या २५ टक्क्यांची मर्यादा, आणि तेही राखीव निधीतून किंवा प्रीमियममधून. कलम ६६ खाली भांडवल कमी करावं तर त्यासाठी एनसीएलटीतच जावं लागतं. न्यायाधिकरणाची पायरी चढायचीच असेल, तर ती कंपनी संपवण्यासाठी का चढू नये?

मग सर्रास सुचवली जाते ती पळवाट: रक्कम भागधारकाला ‘कर्ज’ म्हणून द्यायची आणि नंतर निर्लेखित करायची, म्हणजे वसूल न करता हिशेबातून काढून टाकायची. दहा टक्के किंवा त्याहून जास्त मतदानाधिकार असलेल्या भागधारकाला दिलेलं असं कर्ज साठलेल्या नफ्याच्या मर्यादेत लाभांश मानलं जातं. आणि पुढे कोणी जुन्या नोंदी तपासल्या, तर उत्तर द्यायला कंपनी उरलेली नसते; संचालक असतात. मला हे पटत नाही. लिक्विडेशनमध्ये हीच गोष्ट उघडपणे होते: देणी फेडली की उरलेलं भागधारकांचं. साठलेल्या नफ्याइतका भाग लाभांश म्हणून करपात्र, बाकीचा भांडवली नफ्याच्या हिशेबात.

वाट पाहण्याचा मुद्दाही लक्षात घ्यावा. स्थापनेपासून वर्षभरात धंदाच सुरू झाला नसेल तर गोष्ट वेगळी. एरवी स्ट्राइक ऑफसाठी लगतची दोन आर्थिक वर्षं धंदा नसावा लागतो. शिवाय धंदा थांबला त्या वर्षापर्यंतचे एओसी-४ (आर्थिक पत्रकांचा फॉर्म) आणि एमजीटी-७ (वार्षिक विवरणाचा फॉर्म) भरलेले हवेत. उशिराला प्रत्येक फॉर्ममागे दिवसाला १०० रुपये लागतात. वर्षभराचा उशीर असेल तर दोन फॉर्मचे मिळून ७३,००० होतात आणि ‘स्वस्त’ रस्ता तेवढा स्वस्त राहत नाही.

एसटीके-२ चे अर्ज १ मे २०२३ पासून मानेसरच्या सी-पेस केंद्रात, म्हणजे कंपन्या बंद करण्याचे अर्ज हाताळणाऱ्या सरकारी कार्यालयात, जातात. ते अडकतात किंवा परत येतात ते साध्या कारणांनी: एसटीके-८ तीस दिवसांपेक्षा जुनं झालेलं असतं, किंवा गाडीचं कर्ज फिटलं तरी बोजा उतरल्याचं कळवणारा सीएचजी-४ फॉर्म न भरल्याने नोंदवहीत बोजा तसाच दिसतो. आणखी एक, टीडीएसचा परतावा येण्याआधी बँक खातं बंद करू नका. मग तो जमा व्हायला जागाच उरत नाही.

नाव काढलं गेल्यावरही संचालकांची आणि सदस्यांची जबाबदारी कायम राहते. कलम २५२ प्रमाणे सदस्य, धनको किंवा कामगार राजपत्रातल्या सूचनेपासून वीस वर्षांपर्यंत कंपनी पुन्हा नोंदवहीवर आणण्याची मागणी करू शकतात. स्वच्छ कंपनीला याचा त्रास बहुधा होणार नाही, पण बंधपत्रावर सही वैयक्तिक असते.

लिक्विडेशनचं वेळापत्रक काटेकोर आहे. बहुसंख्य संचालकांनी सक्षमतेचं, म्हणजे कंपनी सगळी देणी फेडू शकते असं, शपथपत्र करायचं, सोबत मागच्या दोन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब. त्यानंतर चार आठवड्यांच्या आत विशेष ठराव. सभा लांबली तर शपथपत्र नव्याने करावं लागतं. कर्ज असेल तर मूल्याने दोन तृतीयांश धनकोंची संमती सात दिवसांत. ठरावानंतर पाच दिवसांत जाहीर सूचना आणि ठरावापासून तीस दिवस दावे मांडायला. २०२२ च्या दुरुस्तीनंतर धनकोंची संमती लागली असेल तर २७० दिवस, नाहीतर ९० दिवस हे उद्दिष्ट आहे. अर्जावर विसर्जनाचा आदेश कधी येईल हे मात्र न्यायाधिकरणाच्या कामकाजावर अवलंबून, आणि इथे धीर धरावा लागतो. प्राप्तिकर खात्याचं ना-हरकत पत्र लागत नाही, हे आयबीबीआयने, म्हणजे नादारी व दिवाळखोरी मंडळाने, नोव्हेंबर २०२१ च्या परिपत्रकात स्पष्ट केलं आहे. तरी लिक्विडेटरने विभागाला नेमणूक कळवायचीच असते.

एखादा भागधारक दुबईत किंवा न्यू जर्सीत असेल, तर माझ्या मते प्रश्न जवळपास सुटतोच. लिक्विडेशनमधली रक्कम परदेशी पाठवण्याची तरतूद फेमाच्या (परकीय चलन कायद्याच्या) नियमांत आहे आणि बँकेपुढे ठेवायला लिक्विडेटरची आणि लेखापरीक्षकाची कागदपत्रं असतात. स्ट्राइक ऑफआधी घाईने वाटलेल्या भांडवलासाठी बँकेला कोणता कागद दाखवणार, हे सल्लागाराला आधी विचारून घ्या. त्याच्याकडे सरळ उत्तर नसेल तर लिक्विडेटरकडून खर्चाचा अंदाज मागवा, आणि तो मानधन, मूल्यांकन, जाहिरात आणि एनसीएलटीचं काम असा वेगवेगळा मांडून घ्या.