स्वेटरचं डिझाइन मशीनवर: घरगुती ब्रदर की १२ गेज फ्लॅट?

लुधियानाहून तयार माल आणण्यापेक्षा जालना-परभणीतच स्वेटर विणायचे ठरवलं, की पहिला प्रश्न मशीनचा येतो: घरी हाताने चालवायचं ब्रदर कंपनीचं मशीन, की कारखान्यातलं १२ गेजचं फ्लॅट, म्हणजे सुयांची सरळ रांग असलेलं मशीन? त्याआधी चित्राचं गणित समजून घ्या, ते दोन्ही मशीनवर सारखंच आहे.

संगणकावरचा एक ठिपका म्हणजे एक टाका. पण टाका चौरस नसतो, बुटका असतो. १० सेंटिमीटरमध्ये २८ टाके आणि ४० ओळी बसत असतील, तर १०० बाय १०० ठिपक्यांचा पैठणीतला मोर ३६ सेंमी रुंद आणि जेमतेम २५ सेंमी उंच उतरतो, मान आखडलेला. त्याला १४३ ओळी द्याव्या लागतात. म्हणून आधी नमुना विणा, धुवा, रात्रभर सपाट पसरून ठेवा आणि मगच मोजा. मशीनवरून नुकताच उतरलेला तुकडा ताणलेला असतो.

घरगुती ब्रदर केएच-९३० ला २०० सुया असतात, दोन सुयांत ४.५ मिमी अंतर. नवं मिळत नाही, जुनंच शोधावं लागतं. आर्डुइनो या छोट्या इलेक्ट्रॉनिक नियंत्रकावर चालणारा आयाब बोर्ड बसवला की लॅपटॉपवरचं चित्र थेट सुया निवडतं. कॅरेज, म्हणजे सुयांवरून सरकणारा भाग, मात्र हातानेच ढकलायची. एका ओळीत दोनच रंग. जो रंग पुढे नाही त्याचा धागा मागून लोंबत जातो. पाच टाक्यांपेक्षा लांब गेला, तर स्वेटर घालताना त्यात बोटं अडकतात. लहान मुलांच्या स्वेटरला ही खोड फार त्रास देते, त्यामुळे मोठ्या मोकळ्या जागेत मुद्दाम ठिपके पेरा.

१२ गेज म्हणजे इंचाला १२ सुया. ५२ इंची मशीनच्या एका बेडवर, म्हणजे सुयांच्या पट्टीवर, ६२४ सुया येतात आणि बेड दोन असतात. जॅकार्डचा, म्हणजे रंगीत नक्षीचा, मागचा धागा दुसऱ्या बेडवर विणला जातो, लोंबत नाही. कापड मात्र जाड होतं. काखेचा, गळ्याचा उतार टाके घटवत मशीनच काढतं, कापून वाया जात नाही. तरी पुढा, पाठ, बाह्या जोडायला लिंकिंग मशीन आणि ते चालवणारा हात लागतोच, आणि इथे लिंकिंगचा कारागीर मशीनपेक्षा अवघड मिळतो. शिमा सेकी या जपानी कंपनीचं, जोड न देता अखंड स्वेटर विणणारं तंत्र १९९५ पासून आहे, पण शाळेच्या ऑर्डरवर त्याची किंमत निघणार नाही.

आपल्याकडे खरा त्रास मार्च ते मेचा. कोरड्या हवेत ॲक्रिलिकच्या धाग्यात स्थिर वीज साठते, धागा चिकटतो, टाके सुटतात. खोलीत आर्द्रता ५५ ते ६५ टक्के ठेवा, धाग्याला मेण लावा. कूलर चालेल, पण झोत सुयांवर नको, गंज धरतो. १२ गेजच्या मशीनला स्टॅबिलायझर हवाच.

फक्त शाळेचा बिल्ला हवा असेल, तर विणू नका. साध्या स्वेटरवर भरतकाम करून घ्या. रंगीत, एकेक वेगळा नग विकायचा असेल तर ब्रदर घ्या. एकाच मापाचे शेकडो नग ठरलेले असतील आणि लिंकिंगवाला हाताशी असेल, तरच १२ गेज.

जुनं मशीन बघताना पूर्ण रुंदीचा साधा तुकडा विणून घ्या. एकाच जागी उभी रेघ आली तर बहुधा त्या सुईची जीभ, म्हणजे आकड्यावर उघडझाप करणारी पट्टी, वाकलेली असते, सुई बदलली की काम झालं. दहा-बारा रेघा एकत्र दिसल्या तर बेडला मार बसलेला असू शकतो. ते मशीन घेऊ नका.