एक्सआयनेटडी ठेवायचा की सिस्टमडीच्या सॉकेटवर जायचं?

बॅकअपची आरसिंक सेवा (फाईलींच्या प्रती मशीनमशीनांत नेणारा प्रोग्राम) दिवसातून दोनदा लागते. तिला चोवीस तास मेमरीत बसवून ठेवण्यात अर्थ नाही. पोर्टवर, म्हणजे सेवेच्या नेटवर्कवरच्या दारावर, दुसऱ्या कुणीतरी कान देऊन बसावं, कनेक्शन आलं की प्रोसेस उठवावी, काम झालं की ती संपावी. ही सोय १९८० च्या दशकातल्या बीएसडीच्या (युनिक्सचा एक प्रकार) आयनेटडीपासून आहे. एक्सआयनेटडी ही त्याचीच सुधारित आवृत्ती, आणि कित्येक जुन्या सर्व्हरवर ती आजही मुकाट्याने चालते आहे. सिस्टमडी, म्हणजे बहुतेक लिनक्सवर सेवा सुरू-बंद करणारा प्रोग्राम, हेच काम आपल्या सॉकेटने, म्हणजे पोर्टवर कान देणाऱ्या टोकाने, करतो.

खरं सांगायचं तर एक्सआयनेटडीची सेटिंगची फाईल वाचायला मला अजूनही आवडते. सेवेचा सगळा हिशोब एका जागी: 'ओन्ली_फ्रॉम'मध्ये कुठल्या आयपीला प्रवेश, 'पर_सोर्स'मध्ये एका पत्त्यावरून किती कनेक्शन, 'अॅक्सेस_टाइम्स'मध्ये किती ते किती वाजेपर्यंत दार उघडं. 'सीपीएस ५० १०' लिहिलं की सेकंदाला ५० च्या वर कनेक्शन आल्यास सेवा १० सेकंद बंद. वेळेची अट सिस्टमडीच्या सॉकेटला अशी एका ओळीत घालता येत नाही, टायमर लावून सॉकेट चालू-बंद करावा लागतो.

पण हा सगळा पहारा दारापुरता. माणूस आत आला की त्याला 'यूजर' बदलून देता येतो, मेमरीची मर्यादा घालता येते, पुढे फारसं काही नाही. प्रोग्राममध्ये भोक असेल तर त्या यूजरला दिसणारं सगळं हल्लेखोरालाही दिसतं.

सिस्टमडीचा खरा फायदा इथे आहे. फाईली दोन लिहाव्या लागतात, एक सॉकेटची आणि एक सर्व्हिसची. पण सर्व्हिसमध्ये 'प्रोटेक्टसिस्टम=स्ट्रिक्ट' टाकलं की जवळजवळ अख्खी फाईलसिस्टीम त्या प्रोसेसला फक्त वाचण्यापुरती उरते. 'डायनॅमिकयूजर=येस'ने प्रोसेस चालू असेपर्यंतच जगणारा यूजर मिळतो. 'सिस्टमडी-अॅनालाइज सिक्युरिटी' चालवलं की ० ते १० मध्ये गुण येतात, जितके कमी तितकं बरं. (पहिल्यांदा ९ च्या पुढचा आकडा दिसला तर दचकू नका, काहीच बंद केलेलं नसलं की तसाच येतो.)

सॉकेटच्या फाईलीत 'अॅक्सेप्ट=येस' म्हणजे दर कनेक्शनला नवी प्रोसेस. आयनेटडीसाठी लिहिलेले जुने प्रोग्राम यात बदल न करता चालतात. 'अॅक्सेप्ट=नो'मध्ये सॉकेट प्रोग्रामच्या हातात ३ नंबरच्या डिस्क्रिप्टरवर (प्रोग्रामसाठी उघडलेल्या फाईल-सॉकेटचा क्रमांक) दिला जातो, त्यामुळे तो प्रोग्रामला ओळखता यायला हवा. बदल्यात सर्व्हिस रिस्टार्ट होताना आलेली कनेक्शनं तुटत नाहीत, रांगेत थांबतात.

दोन ठिकाणी हमखास पाय घसरतो. 'आयपीअॅड्रेसअलाऊ' आणि 'आयपीअॅड्रेसडिनाय' (कुठल्या आयपीला प्रवेश, कुठल्याला मनाई) नुसत्या सर्व्हिसच्या फाईलीत लिहिले तर सॉकेटमधून हाती आलेल्या कनेक्शनला ते लागूच होत नाहीत, दोन्ही फाईलींत लिहा. दुसरी खोड माझ्याच वाट्याला आली. 'स्टँडर्डइनपुट=सॉकेट' (प्रोग्रामचं इनपुट सॉकेटमधून) दिलं आणि एरर कुठे जाईल ते सांगायचं राहिलं. मग स्क्रिप्टच्या चुकांचे संदेश लॉगमध्ये न जाता थेट समोरच्या क्लायंटला जायला लागले. 'स्टँडर्डएरर=जर्नल' (जर्नल म्हणजे सिस्टमडीचा लॉग) ही एक ओळ टाकली आणि प्रकार थांबला.

निवड करताना माझं मत सरळ आहे. मशीनवर सिस्टमडी असेल तर नव्या सेवेसाठी सॉकेटच. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ९ मध्ये तर एक्सआयनेटडीचं पॅकेजच नाही. अल्पाइन या छोट्या लिनक्सवर सिस्टमडी नाही, तिथे बिझीबॉक्स या छोट्या टूल-संचाचा आयनेटडी आहे. दिवसभर गर्दी असलेल्या वेबसर्व्हरला यातलं काहीच नको, तो आपला कायम चालू ठेवा. जुनी सेवा हलवायची असेल तर युनिट फाईली (वरच्या सॉकेट आणि सर्व्हिसच्या) लिहिण्याआधी 'सिस्टमडी-सॉकेट-अॅक्टिव्हेट' ही कमांड एखाद्या रिकाम्या पोर्टवर चालवून बघा. आपला प्रोग्राम सॉकेट घेतो की नाही ते पाच मिनिटांत कळतं, आणि चालू सेवेला हातही लागत नाही.