लातूरच्या नीट क्लासची पालकसेवा: एका पालकाचा अभिप्राय

लातूरच्या ट्युशन एरियातील एका मोठ्या क्लासमध्ये माझी मुलगी वैद्यकीय प्रवेशाच्या नीट परीक्षेसाठी, ती पुन्हा देणाऱ्यांच्या रिपीटर बॅचला होती. शिकवणीबद्दल माझी तक्रार नाही. जीवशास्त्राचे सर एनसीईआरटीची ओळ न् ओळ, अगदी आकृतीखालच्या बारीक मजकुरासह, करून घेतात आणि ७२० पैकी ३६० गुण त्याच विषयाचे असल्याने त्या मेहनतीचे चीज होते. नोट्सही नेटक्या आहेत.

आक्षेप आहे तो ज्या सोयीची क्लास सर्वाधिक जाहिरात करतो तिच्यावर. रविवारची चाचणी झाली की रात्री पालकांच्या मोबाइलवर विषयवार गुण, बॅचमधील क्रमांक आणि तो मागच्या वेळेपेक्षा किती घसरला, हे लाल अक्षरांत येते. मुलांच्या हाती पेपर पडण्याआधीच निकाल गावी पोहोचलेला असतो, त्यामुळे हॉस्टेलवर येणाऱ्या फोनवर जेवणाखाण्याची चौकशी राहते बाजूला आणि 'फिजिक्सला एवढे कमी कसे?' इथूनच बोलणे सुरू होते. शेत गहाण टाकून फी भरलेल्या घरातील मुलाला तर याचे उत्तर देताना शब्द फुटत नाही. शिवाय चुकीच्या उत्तराला एक गुण वजा होत असताना किती प्रश्न चुकले आणि किती सोडून दिले, ही खरी उपयोगाची माहिती त्या मेसेजमध्ये नसतेच.

केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या जानेवारी २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार क्लासने चाचणीचे निकाल जाहीर करायचे नाहीत आणि मागे पडणाऱ्या विद्यार्थ्याचे समुपदेशन करायचे आहे. इथे मात्र क्रमवारी नावानिशी फलकावर लागते, गुण घसरले की खालच्या बॅचमध्ये पाठवले जाते आणि 'कौन्सेलर' म्हणून बसलेल्या बाई प्रवेश नि फीचे हप्ते एवढेच पाहतात. मूल झोपत नाही, जेवत नाही, असे दिसले तर पालकांनी क्लासवर विसंबून न राहता १४४१६ या टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या मोफत क्रमांकावर फोन करावा.

शिकवणीसाठी मी हा क्लास जरूर सुचवेन. मात्र निकाल आधी विद्यार्थ्याच्या हाती द्यावा, तो फलकावर लावू नये आणि पालकांना महिन्यातून एकदाच शिक्षकांनी समोर बसवून सांगावा, एवढे प्रवेशाच्या वेळीच लेखी मागून घ्यावे. धाकट्याच्या प्रवेशासाठी मी हीच अट घातली असून क्लासचे उत्तर अजून आलेले नाही.