दर बांधायचे, स्पर्धा वाढवायची, की सरकारी दवाखाना उभा करायचा?

आमच्या गटाचं निवेदन तिसऱ्यांदा अडकलं. विषय एकच, दवाखान्याचा खर्च. पण पहिली मागणी कोणती, यावर तिघांची तीन मतं. एकाचं म्हणणं, सरकारनं खाजगी रुग्णालयांचे दर बांधून द्यावेत. दुसऱ्याचं, दरफलक लावायला लावा, औषधं बाहेरून आणायची मोकळीक द्या, नवी रुग्णालयं येऊ द्या, भाव आपोआप उतरतील. तिसरीचं म्हणणं, आधी आपलं ग्रामीण रुग्णालय नीट चालवा. निवेदनात तिन्ही मागण्या लिहिता येतात, पण आमदारांसमोर मिळतात दहा मिनिटं, आणि त्यांच्या लक्षात राहते ती पहिली मागणी. ज्यांना आपल्या गावासाठी असंच काही ठरवायचं आहे, त्यांच्यासाठी हे तिन्ही मार्ग शेजारी शेजारी ठेवून पाहतो.

दर बांधणं

याचं सगळ्यात मोठं उदाहरण स्टेंटचं, म्हणजे तुंबलेली रक्तवाहिनी उघडी ठेवणाऱ्या जाळीदार नळीचं. फेब्रुवारी २०१७ मध्ये राष्ट्रीय औषध मूल्य निर्धारण प्राधिकरणानं हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवायच्या स्टेंटच्या किमतीवर मर्यादा घातली. साधा स्टेंट ७,२६० रुपये, औषधाचा लेप असलेला २९,६०० रुपये, कर वेगळा. त्याआधी लेपवाल्या स्टेंटची छापील किंमत सरासरी १ लाख २१ हजारांच्या घरात होती. एका आदेशानं किंमत पाव झाली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गुडघ्याच्या सांध्यांचे दरही बांधले गेले. कुठलंही नवं रुग्णालय न बांधता, डॉक्टर न नेमता इतका फरक पडला. झटपट दिलासा हवा असेल तर याला तोड नाही.

त्यानंतर वर्षभरात माझ्या मावशीची अँजिओप्लास्टी झाली. फाईलमध्ये स्टेंटचं स्टिकर चिकटवलेलं, त्यावरची किंमत आदेशाप्रमाणे. मी समाधानानं पान उलटलं आणि पुढची तीन पानं वाचत बसलो. बलून, गाइड वायर, कॅथेटर, कॅथलॅबचे चार्जेस, हातमोजे, कॅन्युला, आणि ‘इतर साहित्य’ अशी एक मोघम ओळ. स्टेंटचा आकडा नियमात बसत होता, पण एकूण बिलानं आमचा हिशोब कोलमडला. हे एका रुग्णालयापुरतं नव्हतं. त्याच प्राधिकरणानं २०१८ मध्ये दिल्ली परिसरातल्या चार खाजगी रुग्णालयांची बिलं तपासली, तेव्हा औषधं आणि वापरून टाकायच्या साहित्यावरचा नफा काही ठिकाणी १,७३७ टक्क्यांपर्यंत गेलेला आढळला. एका वस्तूचा दर बांधला की पैसे दुसऱ्या ओळीत सरकतात.

मग अख्ख्या बिलाचाच दर बांधला तर? महाराष्ट्रानं ते करून पाहिलंय. कोविडच्या साथीत, मे २०२० मध्ये खाजगी रुग्णालयांतल्या ८० टक्के खाटांसाठी दिवसाचे दर ठरले: वॉर्डात ४,०००, अतिदक्षता विभागात व्हेंटिलेटरशिवाय ७,५००, व्हेंटिलेटरसह ९,००० रुपये. पीपीई किट आणि महागडी औषधं त्यातून वगळलेली होती, आणि तक्रारी नेमक्या तिथूनच आल्या. तरी या आदेशातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. मोठ्या शहरांत बिलं तपासायला लेखापरीक्षक बसवले गेले. ज्या कुटुंबांना लेखापरीक्षकापर्यंत पोचता आलं त्यांची बिलं कमी झाली. आदेश तोच, पण तपासणारा माणूस नव्हता तिथे तो कागदावरच राहिला.

आज कायद्याची स्थिती काय आहे, हे मागणी लिहिण्याआधी माहीत हवं. केंद्राचा २०१० चा वैद्यकीय आस्थापना कायदा महाराष्ट्रानं स्वीकारलेला नाही. आपल्याकडे १९४९ चा शुश्रूषागृह नोंदणी कायदा चालतो. त्याच्या नियमांत जानेवारी २०२१ मध्ये सुधारणा झाली आणि रुग्णहक्कांची सनद व ठरावीक सेवांचं दरपत्रक लावणं बंधनकारक झालं. लावणं बंधनकारक आहे, दर किती असावा हे त्यात नाही. केंद्राच्या २०१२ च्या नियमांत दरांची कक्षा ठरवण्याची तरतूद आहे, पण ती अमलात का आली नाही, हे विचारायला २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला पुढे यावं लागलं. तिथे मांडला गेलेला दाखला मोतीबिंदूचा होता: सरकारी दवाखान्यात सुमारे १०,००० रुपयांत होणारी शस्त्रक्रिया खाजगीत ३०,००० पासून १,४०,००० पर्यंत.

आणखी एक मर्यादा आहे, तिची चर्चा कमी होते. दर बांधून ऑपरेशनांची संख्या बांधली जात नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशभरातल्या खाजगी रुग्णालयांत ४७.४ टक्के बाळंतपणं सिझेरियननं झाल्याची नोंद आहे, सरकारीत १४.३ टक्के. हा सगळा फरक पैशाचा आहे असं मी म्हणणार नाही, अवघड केसेस कुठे जातात हेही पाहावं लागतं. पण ऑपरेशनची गरजच होती का, हे कुठलंही दरपत्रक सांगत नाही.

स्पर्धा

रुग्ण आपल्या पायांनी चालत जाऊन चार ठिकाणी विचारू शकतो, आणि चारही ठिकाणी मिळणारी गोष्ट एकच असते, तिथे स्पर्धा चांगली चालते. रक्ताच्या तपासण्या, चष्मे, रोजच्या गोळ्या. २००८ पासूनच्या जनऔषधी दुकानांमुळे मधुमेह, रक्तदाबाच्या गोळ्यांचा महिन्याचा खर्च कितीतरी घरांत निम्म्याखाली आलाय. कोविडची आरटी-पीसीआर चाचणी सुरुवातीला ४,५०० रुपयांना होती. महाराष्ट्रात ती जून २०२० मध्ये २,२००, ऑक्टोबरमध्ये ९८० आणि मार्च २०२१ मध्ये ५०० रुपयांवर आली. दर प्रत्येक वेळी सरकारनंच खाली आणला, पण आणता आला तो किट बनवणारे आणि प्रयोगशाळा वाढल्यामुळे. स्पर्धा आणि दरबंदी एकमेकींना धरून चालल्याचं याहून चांगलं उदाहरण मला ठाऊक नाही.

पण छातीत कळ आलेला माणूस कोटेशन घेत फिरत नाही. आपल्याला कोणतं औषध, किती दिवस, कुठल्या कंपनीचं हे ठरवणारा दुसराच असतो. एकदा भरती झालो की बाजार संपला. भारतीय स्पर्धा आयोगापुढे २०१५ च्या सुमारास दिल्लीतल्या एका रुग्णालयातल्या सिरिंजची तक्रार गेली, ती याच मुद्द्यावर: आत विकली जाणारी सिरिंज बाहेर स्वस्त होती, पण भरती रुग्णाला बाहेर जाता येत नव्हतं. मार्च २०२५ मध्ये रुग्णालयाच्याच दुकानातून औषधं घ्यायच्या सक्तीचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला, आणि न्यायालयानं धोरण ठरवायचं काम राज्यांवर सोपवलं. म्हणजे ही मागणी थेट आपल्या सरकारकडे करता येते.

तालुक्याच्या गावी तर स्पर्धा हा शब्दच तोकडा पडतो. आमच्याकडे सर्जरीची दोन रुग्णालयं समोरासमोर आहेत. भूलतज्ज्ञ मात्र एकच, सकाळी इकडे, दुपारी तिकडे. दोन्हीकडचे दर सारखे का, याचं उत्तर त्यांच्या मोटरसायकलच्या फेऱ्यांत आहे. तिसरं रुग्णालय आलं तरी भूलतज्ज्ञ तेच राहणार.

सरकारनं स्वतः करणं, स्वतः विकत घेणं

तमिळनाडूनं १९९४ मध्ये औषधखरेदीसाठी वेगळं महामंडळ काढलं. खुल्या निविदा, प्रत्येक खेपेची तपासणी, जिल्ह्याजिल्ह्यांत गोदामं, आणि प्रत्येक दवाखान्याला एक पासबुक. दवाखान्यानं आपल्या गरजेप्रमाणे औषध उचलायचं, पासबुकातून रक्कम वजा होणार. घाऊक खरेदीमुळे दर पडले, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे गोळी फडताळात असू लागली. राजस्थाननं तीच रीत घेऊन २ ऑक्टोबर २०११ पासून मोफत औषध योजना सुरू केली. महाराष्ट्रात २०१७ पासून खरेदी हाफकिन या सरकारी औषध महामंडळाकडे होती, तिच्या दिरंगाईनं दवाखाने बेजार झाले, आणि २०२३ मध्ये वेगळ्या प्राधिकरणाचा कायदा झाला. त्याच वर्षी १५ ऑगस्टपासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत झाले. केसपेपरला पैसे नाहीत, हे खरंच मोठं पाऊल आहे. पण डॉक्टरांनी बाहेरची चिठ्ठी लिहून दिली की मोफत हा शब्द मेडिकलच्या काउंटरवर संपतो.

याच मार्गाची दुसरी फांदी म्हणजे महात्मा फुले जनआरोग्य योजना. इथे सरकार खाजगी रुग्णालयाकडून ठरलेल्या पॅकेजनं उपचार विकत घेतं. २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झाली, आता सगळ्या कुटुंबांसाठी ५ लाखांपर्यंत. कागदावर हीसुद्धा दरबंदीच, पण पैसे सरकार देतं म्हणून रुग्णालय ऐकतं. पॅकेज अपुरं पडलं किंवा देयकं रखडली की मात्र ‘हे योजनेत बसत नाही’ हे वाक्य ऐकू येऊ लागतं. धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायची उच्च न्यायालयाची २००६ ची योजना आहेच, तिच्या खाटांचा तक्ता मागून घेत जा.

हा मार्ग सगळ्यात संथ आणि सगळ्यात खर्चिक. तरी माझा कौल याच बाजूला झुकतो, आणि त्याला कारण आमच्या उपजिल्हा रुग्णालयातलं डायलिसिस. मशीन आली, तंत्रज्ञ टिकला, आठवड्याला दोनदा शहरात जाणारे शेजारी इथेच येऊ लागले. काही महिन्यांत खाजगी केंद्रानं आपला दर उतरवला. कुणी आदेश काढला नव्हता, फलक लागला नव्हता. रुग्णाला जायला दुसरं दार मिळालं, एवढंच. आदेशानं बांधलेला दरसुद्धा असं दुसरं दार असेल तिथेच टिकतो, नाहीतर ‘परवडत नसेल तर हलवा’ यापुढे नातेवाईक गप्प होतात.

तुम्ही मोठ्या शहरात राहत असाल, चार चौकांत सहा रुग्णालयं असतील, तर तुमची पहिली मागणी वेगळी असू शकते: औषधसक्ती बंद, ओळीओळीचं बिल, आणि डिस्चार्जआधी ते तपासणारा अधिकारी. राज्यपातळीवर बोलायची संधी मिळाली तर एकेका वस्तूचा नव्हे, पूर्ण उपचाराचा दर मागा. पण तालुक्यात ऑपरेशन थिएटर बांधून कुलूपबंद असेल, तर तिथूनच सुरुवात करावी असं मला वाटतं.

आमचा मसुदा काल रात्री पक्का झाला. पहिली मागणी: ग्रामीण रुग्णालयात पूर्णवेळ भूलतज्ज्ञाची नेमणूक. दुसरी: बाहेरच्या चिठ्ठीची नोंदवही, आणि ती दर महिन्याला रुग्ण कल्याण समितीपुढे. तिसरी: खाजगी बिलांच्या तक्रारींसाठी तालुक्याला एक नेमलेला अधिकारी, नाव आणि फोन दवाखान्याच्या दारावर.